आईची सही

सुमंगला शेटे मॅडमना मी पहिल्यांदा भेटले ती पडलेल्या तोंडानं. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत एकदा आपटले होते. पेठ वडगावच्या आमच्या बौद्ध वस्तीतून तोवर कुणी डॉक्टर झालेलं नव्हतं, आणि घरात 'आता पुरे' सुरू झालं होतं. शेतात मजुरीला जाणारी आई मात्र मला राजारामपुरीत मॅडमच्या दारात घेऊन आली. "ह्या वर्षी न्हाय झालं तर लग्नाचं बघत्यात," ती वाटेत म्हणाली.

जीवशास्त्राच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या मॅडम आमच्यासारख्या घरांतल्या मुलामुलींना घरीच शिकवत. त्यांचा नियम विचित्र होता. शिकलेला धडा आईला सांगायचा आणि तिला कळला की वहीत तिची सही आणायची. माझी आई जेमतेम सही करायला शिकलेली. तिला मूत्रपिंड काय कळणार, असं मीच ठरवलं आणि नुसत्या सह्या घेत राहिले.

एका रविवारी मॅडमनी आईलाच बोलावलं. त्यांचं माहेर कानडी सीमेकडचं, त्यामुळे सगळ्या आया त्यांच्या 'अक्का'.

"अक्का, किडनी काय काम करते?"

"मला काय ठावं? सही कर म्हणाली, केली की!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता वर्गातून काढणार, वर्ष गेलं, एवढंच डोक्यात. मॅडम मला म्हणाल्या, "जिला आईला सांगता येत नाही, ती पेशंटला काय सांगणार? बस इथं. सांग."

मी अडखळत सांगू लागले. रक्त गाळलं जातं म्हटल्यावर आईनं विचारलं, "मग गाळल्यालं सगळं पानी भाईर जातंय व्हय? मानूस वाळंल की!"

मी वही चाळू लागले. धडा पाठ होता, कळला नव्हता.

मॅडम खळखळून हसल्या. "अक्का, हाच प्रश्न परीक्षेत विचारतात!"

त्यानंतर वर्षभर आईनं माझा एकेक धडा ऐकला. मला प्रवेश मिळाला.

मॅडम गोड बोलतात असं या गौरवग्रंथात कुणी लिहिलं असेल, तर ते खोटं आहे. पण त्यांनी माझ्या आईला कधी अडाणी मानलं नाही. मी मानलं होतं. त्याची लाज आजही वाटते. पेशंटला काही समजावताना समोर आई बसली आहे असं धरूनच मी बोलते.

मॅडमना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांची तब्येत अशीच ठणठणीत राहो आणि अजून पुष्कळ वर्षं आयांना त्यांच्या घरी बोलावणं जात राहो.

हा लेख मी आईला वाचून दाखवला. तिनं शेवटपर्यंत ऐकला आणि पेन मागून घेऊन खाली सही केली. या वेळी मी मागितली नव्हती.