एसटीचं स्वागत

गाव कधी मरत नाही, ते आपल्या माणसांची वाट बघत असतं. पुणं सोडून वेल्ह्याकडच्या आमच्या गावी परतलो, तेव्हा माझी अशी श्रद्धा होती. गावात येणारी एसटी मात्र तोवर बंद झाली होती. मी भोरच्या आगारात अर्ज देत राहिलो. शेवटी ठरलं, की महिनाभर गाडी सोडून बघू, प्रवासी मिळाले तरच पुढे चालू ठेवू.

पहिल्या दिवशी गाडीला हार घातला, नारळ फोडला, भाषणं सुरू झाली. शेजारच्या काकूंना भोरच्या दवाखान्यात जायचं होतं. त्या केसपेपरची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

“काकू, तुमच्यासाठीच आणली बघा गाडी.”

“आणली व्हय, पण सोडणार कवा? डॉक्टर बाराला उठून जात्यात.”

चौथे वक्ते माईककडे निघाले, तशा काकू पुतण्याच्या मोटारसायकलवर मागे बसून निघून गेल्या.

आभारप्रदर्शन संपलं. कंडक्टरने घंटी मारली. मंडळी आपापल्या गाड्यांना किका मारत पांगली. एसटी रिकामीच वळली. आपण तरी चढावं, असं मनात आलं. पण मला भोरला काही काम नव्हतं.