बरी झालेली उंदरं

बी.एस्सी. झालेली सून आणि नोकरी काय, तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत उंदीर सांभाळायची! तंजावरातल्या नातेवाइकांनी नाकं मुरडली. मुरडेनात का, त्र्याण्णव साली हातची नोकरी कोण सोडतं? गायत्री काही बधली नाही.

काम मात्र जिवावर यायचं. पांढऱ्या उंदराच्या कुशीत कॅन्सरची गाठ वाढवायची, मग ती कापून टाके घालायचे. जखम भरते, उंदीर पुन्हा दाणे कुरतडतो, अगदी ठणठणीत. पण गाठीतल्या काही पेशी त्याआधीच रक्तातून फुफ्फुसात पोचलेल्या असतात, तिथं गुपचूप वाढतात. मग तो कोपऱ्यात पाठीला पोक काढून बसतो, बरगड्या भराभर हलू लागतात. पिंजऱ्यापाशी उकिडवी बसून, मान तिरकी करून गायत्री त्या बरगड्याच बघायची.

घरी तिची विधवा नणंद होती, राजमअक्का. गेल्या वर्षी तिच्या छातीतली गाठ काढली होती. साधीच गाठ, असं तिला सांगितलेलं. रोगाचं नाव त्या घरात कोणी घेत नसे. आता अक्का खोकू लागली, तर म्हणे मार्गळी महिन्याचा गारठा बाधला, सुंठीचा कषाय घे!

गायत्रीनं नवऱ्याकडे एक्स-रेचा विषय काढला. श्रीकर उसळलाच. अक्काच्या सुप्रभाचं लग्न पुढच्या महिन्यात, तैमध्ये; आईचा रोग मुलाकडच्यांना कळला तर सोयरीक मोडेल, म्हणाला, आणि वर कुलदेवीची शपथ घातली. झालं! बोलावं तर भाचीचं लग्न मोडतं, न बोलावं तर अक्का हातची जाते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

तोंडाला कुलूप घातलं, डोळ्यांना कोण घालणार? एका दुपारी अक्का ओट्यावर केळीची पानं पुसत होती. गायत्री समोर उकिडवी बसली, मान तिरकी झाली आणि नजर अक्काच्या बरगड्यांवर खिळली. अक्काचा हात थांबला. मागे डबा द्यायला ती प्रयोगशाळेत गेली होती, तेव्हा गायत्रीला तिनं असंच बसलेलं पाहिलं होतं, आणि त्या बऱ्या झालेल्या उंदरांचं पुढं काय होतं तेही विचारून घेतलं होतं.

"तू उंदीर बघतेस ते असंच," अक्का म्हणाली.

गायत्रीला रडू फुटलं. उद्याच तपासणीला जाऊ, कोणाला कळणार नाही, असं ती विनवू लागली. अक्कानं तिचं मनगट घट्ट धरलं.

"लग्न होईतो गप्प राहा. तेवढं तरी बघायला मिळेल ना मला?"

"मिळेल," गायत्री म्हणाली. मग उरलेली पानं तिनं पुढ्यात ओढली आणि अक्काकडे पाठ करून बसली, नजर पुन्हा तिकडे जाऊ नये म्हणून.