मागायला येणाऱ्या तुळजामामी

तुळजामामी कुणाच्या घरी काही द्यायला गेल्याचं मी कधी पाहिलं नाही. त्या नेहमी मागायला जायच्या. वाटीभर उडीदडाळ, चार पानं कढीलिंब, माळ्यावरचं सामान काढायचं स्टूल, एकदा तर नुसतं घड्याळ: "माझें बंद पडलें, तुझ्याकडे किती वाजले सांग." ज्या घरी कुणी आजारी असे, कुणाची नोकरी गेलेली असे, तिथे त्या हमखास काहीतरी मागायला पोचायच्या. अर्ध्या तासाने बाहेर पडताना त्यांच्या हातात कढीलिंब असे आणि त्या घराची सगळी हकीगत त्यांना कळलेली असे.

चेन्नईतल्या आमच्या सरकारी भाड्याच्या वसाहतीत मी राहायला आले त्याला आता बारा वर्षं झाली. मामी समोरच्या दारात, ए-८ मध्ये. मी ए-७. त्या तंजावरकडच्या मराठी. एका शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, पेन्शनवर राहणाऱ्या. त्यांची मराठी आमच्या मराठीच्या पणजीसारखी होती. बसा म्हणायचं तर 'बैसा', सगळं म्हणायचं तर 'अस्कें', आणि वाक्य संपताना सूर तमिळसारखा वर चढायचा. मला त्या 'पुणेवाली' म्हणत. मी सांगलीची आहे, हे मी त्यांना निदान दहा वेळा सांगितलं.

"सांगली पुण्याच्या पलीकडे नव्हें? मग पुणें वाटेंतच कीं."

त्या साऱ्या जिन्यात मागत फिरायच्या, पण माझ्याकडे त्यांनी कधी काही मागितलं नाही. पहिली दोन वर्षं मला ते बरं वाटलं. नंतर खटकायला लागलं. माझ्या घरात कढीलिंब नव्हता का?

मी वसाहतीच्या रहिवासी संघाची सचिव. अड्यारच्या एका संस्थेत भांडार विभागात नोकरी करते, त्यामुळे याद्या करणं माझ्या हाडात आहे. आमच्याकडे भाडं दहा तारखेच्या आत भरायचं. ज्याचं एकदा जरी चुकलं, त्याच्या घराचा क्रमांक भाडे कार्यालयाकडून येणाऱ्या थकबाकीच्या यादीत चढतो. ती यादी मी नीट टाइप करून तिन्ही ब्लॉकच्या सामाईक पुढच्या जिन्याखालच्या फलकावर लावत असे. शेजारी दुसरा कागद, तमिळमध्ये आणि इंग्रजीत: हप्ते बांधून घ्यायला अर्ज कसा करावा, कुठली कागदपत्रं लागतात, कुठल्या खिडकीवर जावं. सगळ्यात खाली: 'मदत हवी असल्यास ए-७, सायंकाळी सहा ते साडेसात.' दारात मी दोन खुर्च्या मांडत असे. मधे एक छोटं टेबल, त्यावर कोरे अर्ज, स्टेपलर आणि दोन पेनं.

माझ्याकडे कुणी येत नसे.

लोक समोर जात. मामींच्या दाराबाहेर चपला साचत, आणि मी माझ्या रिकाम्या खुर्चीत बसून त्या चपला मोजत असे. हे लिहायला लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू? चार जोड, पाच जोड. आतून हसण्याचा आवाज येई. भाडं थकलेली माणसं हसतात कशी, हे मला समजत नसे. मामींना अर्जाचा नमुना माहीत नव्हता, खिडकीचा क्रमांक माहीत नव्हता. माझ्याकडे सगळं होतं. तरी पायऱ्या चढून आलेला माणूस डावीकडे वळायचा, उजवीकडे नाही.

एका वर्षी सी ब्लॉकमधल्या देवकीचं भाडं थकलं. नवरा रिक्षा चालवायचा, पाय मोडून घरी बसला होता. ती दोन घरी स्वयंपाक करायची, त्यात भागेना. पाच महिने झाले आणि कार्यालयाची नोटीस आली: महिन्याभरात बाकी भरा किंवा हप्त्यांचा अर्ज करा, नाहीतर घर खाली करा. नोटिशीची प्रत संघाकडे येते, म्हणून मला कळलं. मी अर्ज घेऊन स्वतः तिच्या घरी गेले. तिने दार वीतभर उघडलं.

"सगळं ठीक आहे, मॅडम."

"देवकी, अर्ज केला नाहीस तर घर जाईल. सोपा आहे, हे बघ, इथे सही..."

"ठीक आहे, मॅडम. मी बघते."

दार बंद झालं. त्या दिवसापासून ती पुढच्या जिन्याने यायचीच बंद झाली. कचऱ्याच्या पिंपांकडून मागचा जिना आहे, तिथून ये-जा करायला लागली. मला वाटलं, माझ्याशी बोलायला नको म्हणून. ते कारण होतंच. पण फलक पुढच्या जिन्यात होता, हे माझ्या लक्षात आलं नाही.

मामींच्या आलं. त्या आठवड्यात त्यांनी पहिल्यांदा माझं दार वाजवलं. मी त्यांना खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.

"पुणेवाली, एक मागायला आलें."

मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघराकडे वळलेसुद्धा. "कढीलिंब?"

"कढीलिंब नको. तुझ्या त्या लिस्टींत माझा नंबर घाल. अस्क्यांच्या वरती."

"मामी, तुमचं भाडं थकलेलं नाही."

"तें मला ठाऊक अहे. तूं घाल. ती पोर मागच्या जिन्याने जाते गो. एकटी अहे म्हणून तिला वाटतें. माझा नंबर वर असला तर पुढून येईल."

"असं कसं घालणार? कार्यालयाची यादी आहे ती. यादी खरी असली पाहिजे."

"सरी," म्हणाल्या. 'सरी' म्हणजे तमिळमध्ये 'ठीक'. "खरी पाहिजे म्हणतेस. सरी." आणि गेल्या.

मी बरोबर होते. आजही म्हणेन, मी बरोबर होते. पण इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती आणि मी ती नियमावर बोट ठेवून नाकारली होती.

दहा तारीख गेली. पाचेक दिवसांनी कार्यालयाकडून नवी यादी आली. सगळ्यात वर लिहिलं होतं: ए-८.

आता मला जे वाटलं ते सांगते. मला बरं वाटलं. साऱ्या वसाहतीला सल्ले देणाऱ्या बाईला स्वतःचं भाडं भरता आलं नाही! मी यादी टाइप केली, ए-८ नीट दिसेल अशी पिन टोचली आणि दोन पावलं मागे सरून पाहिली. माझा नवरा म्हणाला, "आज स्वारी खूश दिसते." मी म्हटलं, "काही नाही, कामं वेळेत झाली."

बातमी अर्ध्या दिवसात तिन्ही ब्लॉकमध्ये पोचली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी माझ्या खुर्चीत बसले होते. पुढच्या जिन्यावर पावलं वाजली. देवकी होती. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेली नोटीस. माझ्याकडे न बघता ती समोर वळली.

"मामी, तुमचंही?"

"काय करूं गो," मामी तिच्याशी तमिळमध्ये बोलत होत्या, पण सूर तोच. "त्या ऑफिसांत एकटीने जायला मला भय वाटतं. तू येशील का माझ्याबरोबर?"

देवकी म्हणाली, येईन की. इतक्या दिवसांत तिचा आवाज मी पहिल्यांदा धड ऐकला. मग मामींनी हाक मारली, या वेळी मला. "पुणेवाली! अर्ज तुझ्याकडे अहेत नव्हें? हिला दे. मला पण एक दे." आणि देवकीला म्हणाल्या, "जा, तिच्याकडे जा. तिच्याकडे अस्कें नीट असतं."

देवकी पहिल्यांदा माझ्या खुर्चीत बसली. मी अर्ज भरून दिला. काही चुकलं नाही.

पुढच्या सोमवारी आम्ही बसने निघालो. देवकी, यादीतल्या आणखी तिघी, मामी, आणि सचिव म्हणून मी. खिडकीवरचा कारकून सभ्य होता. देवकीचे कागद पाहून त्याने ते आतल्या साहेबांकडे पाठवले. तासाभराने ती बाहेर आली ती थकबाकीचे दहा हप्ते बांधून आणि नोटीस थांबवल्याचा शिक्का घेऊन. बाकाशी येऊन तिने तो कागद आधी मामींना वाचायला दिला, मग मला. घर राहिलं होतं.

शेवटी मामींची पाळी आली. मी मागेच उभी होते. त्यांनी अर्ज पुढे केलाच नाही. पिशवीतून एक पाकीट काढलं. त्यावर पेन्सिलीने त्याच महिन्याचं नाव लिहिलेलं होतं. आत पूर्ण भाडं. वरचा दंड त्यांनी कनवटीच्या बटव्यातून सुटा काढून दिला, पावती घेतली आणि म्हणाल्या, "कॉफी पिऊं या."

बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसले. "मामी, पैसे बाजूला काढून ठेवले होते ना? मग भरले का नाहीत?"

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "तूंच सांगिटलीस नव्हें? लिस्ट खरी पाहिजे म्हणून."

माझे डोळे वगैरे भरून आले नाहीत. मला हेवा वाटला, आतापर्यंतच्या सगळ्या हेव्यांपेक्षा मोठा. चपलांचा हेवा त्याच्यापुढे काहीच नव्हता. यादी माझी होती, फलक माझा होता, नियम मला पाठ होते. मग हे मला का सुचलं नाही?

गेल्या वर्षी मामींचं कंबरेचं दुखणं वाढलं आणि तंजावरला बहिणीकडे जायचं ठरलं. जायच्या आठवडाभर आधी त्यांनी पुन्हा माझं दार वाजवलं.

"सामानाची लिस्ट करून दे गो. काय न्यायचें, काय ठेवायचें, काय कोणाला द्यायचें. मला तें जमत नाही."

मी दोन संध्याकाळ बसून चार पानांची यादी केली. त्यांनी ती चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली, दोन ठिकाणी शंका विचारली, घडी घालून पाकिटात ठेवली. "फार उपकार झाले," म्हणाल्या. टेम्पो गेल्यावर, निरोप द्यायला आलेली त्यांच्या शाळेतली एक जुनी शिक्षिका माझ्या शेजारी उभी होती. सहज म्हणाली, "शाळेचं सगळं भांडार तीस वर्षं यांच्याकडे होतं. एक खडू इकडचा तिकडे होत नसे. काय त्यांच्या याद्या असायच्या!"

मी घरात आले आणि त्या दोन खुर्च्यांपैकी एकीत बसले. मामी कुठल्या घरांत मागायला जात, ते मला माहीत होतं. माझ्याकडे त्या यादी मागायला आल्या होत्या.

तीन महिन्यांनी तंजावरहून फोन आला. झोपेतच गेल्या. बहीण म्हणाली, सामान लावताना तुमचा कागद फार उपयोगी पडला.

या महिन्यात दहा तारखेला मी भाडं भरलं नाही. पैसे पाकिटात घालून, वर महिना लिहून कपाटात ठेवले आहेत. नवऱ्याने विचारलं, "पगार झाला ना तुझा?" मी म्हटलं, झाला. यादीत बी ब्लॉकचं एक नवं घर आलं आहे. तिथली बाई कचऱ्याच्या पिंपांकडून ये-जा करताना मी पाहिली आहे. यादी टाइप करून फलकावर लावली. सगळ्यात वर ए-७. वॉचमन पेरुमाळ वाचून म्हणाला, "मॅडम, टायपिंग चुकलंय." मी म्हटलं, "नाही पेरुमाळ, बरोबर आहे."

खुर्च्या आणि टेबल आत नेऊन ठेवलं. काल संध्याकाळी दारावर टकटक झाली. मी फटीतून पाहिलं. तीच होती, पिशवी छातीशी धरून.

"अक्का," ती म्हणाली. मॅडम नाही. "तुमचंही?"

मामींकडे देवकी तिसऱ्या दिवशी आली होती. माझ्याकडे ही दुसऱ्याच दिवशी आली. आधी मी हे मोजलं. मग दार पूर्ण उघडलं आणि चार दिवस घोकलेलं वाक्य म्हटलं: "काय करू, त्या ऑफिसात एकटीने जायला मला भीती वाटते. तू येशील का माझ्याबरोबर?"