बाळकुमची कुंभारीण

साताऱ्याहून निघताना माझा बेत सरळ होता: मामांना डोंबिवलीहून उचलायचे आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी थेट मिरजेला पोचवायचे. मामा निवृत्त शाळामास्तर. लग्न केले नाही; उभा जन्म किड्यांच्या मागे घालवला.

डोंबिवली म्हणजे स्टेशन, थोड्या चाळी आणि लगेच भातखाचरे. मामांच्या खोलीत टेकायलाही जागा नव्हती. खाटेखाली, फळीवर, चुलीमागेसुद्धा पत्र्याच्या डब्या, आणि प्रत्येकीत कुंभारणीचे घर. (कुंभारीण ही भिंतीवर चिखलाचे इवलेसे गाडगे बांधणारी माशी. आत अंडे घालते, पिल्लासाठी अळ्या कोंडते, तोंड लिंपते आणि निघून जाते.)

"उद्या आधी बाळकुम," मामा म्हणाले. "तिथलं घर तयार झालंय. डबीत घालून मिरजेला नेऊ. माशी बाहेर पडताना बघायची आहे."

"मिरजेला डोळे न्यायचेत मामा, माश्या नव्हेत."

"आणि डोळे नाहीच सुधारले तर? ही शेवटची असेल."

मी एक रिकामी डबी पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशी ठाण्याला उतरून टांगा केला. खाडीचा खारा वारा तोंडावर येत होता आणि मिठागरांत मिठाचे ढीग उन्हात डोळे दिपवत होते. बाळकुमला मामांच्या ओळखीच्या जानूबाय. त्यांनी तांदळाची भाकरी आणि वालाचे कालवण पुढे ठेवले. कालवण मी दोनदा मागून घेतले. जेवण झाल्यावर मामांनी ओटीच्या भिंतीवरचे घर चाचपले आणि चाकू काढला, तशा जानूबाय आडव्या आल्या.

"मास्तर, हात नय लावायचा त्याला. सून पोटुशी हाय, किती वर्सांनी!" (कुंभारणीने घर बांधले की घरात पाळणा हलतो, ही समजूत तिकडे पक्की आहे.)

"अगं जानू, माशीचा आणि मुलाचा काय संबंध?"

"तुमाला कं ठावं? तुमी लगीन तरी केलाव का?"

आतून सुनेचे हसू ऐकू आले. मलाही आवरले नाही. मामांनी चाकू मिटला.

मग वाट पाहणे आले. मी मनातल्या मनात गाड्यांच्या वेळा मोजत बसले. ऊन कलल्यावर मामांनी भिंतीला कान लावला.

"कुरतडतेय! मला नीट दिसत नाही, तू सांग. दिसेल तेच सांग, पदरचं घालू नकोस."

"भोक पडलं. डोकं आलं... आता सगळी बाहेर. पंख पुसतेय. उडाली. नाही, थांबा! वळली. तोंड घराकडे आहे, आणि उलटी मागे मागे सरकतेय. डावीकडे, उजवीकडे. घरावरची नजर काढत नाही."

"आणि?"

"गेली. मिठागरांकडे."

मामांनी मिटलेला चाकू खिशात टाकला. "जन्मभर घरं खरवडून डब्यांत भरली," ते म्हणाले. "डबीतली माशी कशाकडे वळून बघणार?" मग जानूबायकडे वळून म्हणाले, "बरं झालं अडवलंस."

"मंग! आजून एक भाकर घ्या."

दुसऱ्या सकाळी मामांनी डोंबिवलीच्या खोलीला कुलूप लावले आणि ते दाराकडे तोंड करून उभे राहिले. घाई करायची मला सवय आहे, पण मी ट्रंक खाली ठेवली. गाडी चुकली. पुढची मिळाली.

ऑपरेशन चांगले झाले. मामांना एका डोळ्याने बरे दिसते. सध्या ते आमच्याकडेच आहेत. माझ्या घरात आता पाळणा हलायचा प्रश्न नाही, तरी खिडकीवरचे चिखलाचे घर मी यंदा झाडूने पाडलेले नाही. मामा त्याखाली खुर्ची टाकून बसतात. डबी अजून मागितलेली नाही.