मी दाखवून दिलेलं घर

आमच्या करकंब गावात कुणी घर विचारलं, तर नुसतं बोट करून चालत नसे. हातातलं काम ठेवायचं, माणसाला दारापर्यंत न्यायचं, कडी वाजवायची आणि आतून कुणी आलं की मगच परतायचं. ही सवय घेऊनच मी सोलापूरच्या कॉलेजात आलो. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. कमवा-शिका योजनेत दुपारचे तीन तास ऑफिसात काम मिळालं होतं: प्रवेशअर्ज लावायचे, रजिस्टर लिहायचं. त्या खुर्चीचं मला फार अप्रूप होतं.

वर्गातला माझा जवळचा मित्र कराचीत जन्मलेला. त्याची आई सोलापूरचीच. लग्न होऊन तिकडे गेली आणि नवरा वारल्यावर लहान मुलाला घेऊन माहेरी परतली. पण दोघांचे पासपोर्ट तिकडचे. सरकार दरवर्षी राहायची मुदत वाढवून देई, तेवढ्यावर ती दोघं राहत होती. हे मला त्यानं सांगितलं नव्हतं, त्याच्या अर्जावर मी वाचलं होतं. वाचल्याचं मीही त्याला कधी सांगितलं नाही.

पाकिस्तानशी युद्ध होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. एका दुपारी हेडक्लार्क जेवायला गेले असताना पांढऱ्या बुशशर्टातला एक माणूस आला. मित्राचं नाव घेऊन गोड आवाजात म्हणाला, "त्यांच्या मामांकडं जाऊन आलो. तिथं आता राहत नाहीत म्हणे."

मला वाटलं, लांबचा पाहुणा असेल. त्याला चहा पाजला, अर्ज काढला. त्यावर मागाहून लिहिलेला नवा पत्ता शुक्रवार पेठेतला होता. "चला की, मीच येतो," मी म्हणालो. वाटेत त्यानं माझ्या गावाची, पिकापाण्याची चौकशी केली. मी मोकळेपणानं बोलत गेलो. मित्र किती हुशार, आई शिवणकाम कशी करते, मामाशी पटेना म्हणून दिवाळीनंतर खोली कशी घेतली, सगळं सांगितलं.

कडी मीच वाजवली.

मित्र दारात आला. "काय करकंब, आज हापिसाला दांडी?" म्हणून हसला. मग त्याला माझ्यामागचा माणूस दिसला. त्या माणसानं खिशातून ओळखपत्र काढलं. परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या पोलीस शाखेतला होता तो.

"घर बदललं ते कळवलं का नाही? दिवाळीनंतर आलात ना इथं?"

दिवाळीनंतर. मघाशी वाटेत तो शब्द माझ्या तोंडात होता.

आत शिलाई मशीन थांबलं. मित्राची आई बाहेर आली. पोलिसाकडे न बघता तिनं मला विचारलं, "बेटा, तू लाया क्या इनको?"

मुदत रद्द झाली तर दोघांना देश सोडावा लागेल, हे त्या माणसानं त्याच गोड आवाजात सांगितलं. उद्या कागद घेऊन या म्हणाला आणि गेला.

ऑफिसात परतून मी हेडक्लार्कना सगळं सांगितलं. ते अक्कलकोटकडचे, बोलायला तिखट.

"कुणाचं पत्र होतं त्याच्याजवळ?"

"न्हाई."

"प्राचार्यांना विचारलंस?"

"न्हाई."

"चहा मात्र पाजला असशील." मी खाली बघितलं. "पोरं हितं जे लिहून देतात ते कॉलेजला. तुला न्हाई, आन् रस्त्यानं येणाऱ्यालाबी न्हाई. कळलं?"

हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. कुणी घर विचारलं की दारापर्यंत न्यायचं, एवढंच मी शिकून आलो होतो.

त्यांनी त्याच संध्याकाळी प्राचार्यांकडून पत्र घेतलं: विद्यार्थी नियमित आहे, परीक्षा जवळ आहे. सकाळी ते स्वतः त्या दोघांबरोबर पोलिसांकडं गेले. मी बाहेर सायकलींपाशी उभा होतो. ताकीद मिळाली, दर आठवड्याला पोलिसांकडं हजेरी लागली, पण मुदत कायम राहिली. मात्र दारात पोलीस आलेला गल्लीनं पाहिला होता. महिन्याच्या आत मालकानं खोली रिकामी करायला लावली.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी व्हरांड्यात मित्र भेटला. शाई भरलीस का, वगैरे बोललो. मग मी विचारलं, "आता राहता कुठं?"

"हितंच," तो म्हणाला. "सोलापुरात."

"आईंना भेटायला येऊ का?"

त्यानं पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "तू विचारत होतास, असं सांगतो तिला."

घंटा झाली. आम्ही आपापल्या बाकावर जाऊन बसलो.