माजी म्हणजे कधीपासून

केंब्रिजच्या गाड्यांच्या कारखान्यात मी क्वालिटी बघते. असेंब्ली लाइनवर शेजारच्या स्टेशनवर, म्हणजे पुढच्या कामाच्या जागी, उभी असते ती बाई दूरच्या एका बेटावरची. ती मला काका म्हणते. तिच्या भाषेत थोरल्या बहिणीलाही काका, भावालाही काकाच. आमच्याकडे काका कोणाला म्हणतात ते मी सांगितलं, तर म्हणाली, "मग मिशी ठेव."

तिचा धाकटा भाऊ बारा वर्षं बंडखोरांत होता. सरकारशी करार झाला, ते डोंगरातून उतरले. बंदुका मात्र तुकडी-तुकडीने जमा करायच्या होत्या. त्याच्या तुकडीची पाळी गुरुवारी होती. त्याआधी सोमवारीच सैन्य कुणाला तरी पकडायला त्यांच्या गावात शिरलं. आधी कळवायचं असं करारात होतं, कळवलं नाही. गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं गेली.

लंचला ती मला ही बातमी वाचून दाखवत होती. 'माजी बंडखोर' आलं तसं मी म्हटलं, "घरात बंदूक आहे, तर माजी कसले?"

"करारावर सही केली त्या दिवसापासून माजी," ती म्हणाली. "बंदूक घरात आहे कारण ती घ्यायला अजून कुणी आलेलं नाही."

माझं चुकलं होतं. मी तसं सांगितलं. तिने मान हलवली, भावाला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"काका," तो मोडक्या इंग्रजीत मला म्हणाला, "गुरुवारी बंदूक द्यायला जाऊ की नको?"

त्यांच्यात थोरल्याचा शब्द मोडत नाहीत. मी तिची काका, म्हणजे त्याचीही, हे त्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं. मी इतके दिवस ती थट्टा समजत होते.

जा म्हणणं मला सोपं होतं; सैन्य माझ्या दारात येणार नव्हतं. नको म्हणणंही सोपंच; करार मोडला तर डोंगरात मला जायचं नव्हतं.

"बाकीचे काय करतायत?" मी विचारलं.

"माझ्याकडे बघतायत."

"आणि मला विचारलं नसतंस तर?"

"गेलो असतो. मुलीची शाळा खाली गावात आहे. डोंगरात शाळा नाही."

"मग जा. पण एकटा नको, सगळे मिळून जा."

गुरुवारी ते गेले, बंदुका दिल्या. सैन्य अजून गावाबाहेर तळ देऊन आहे आणि आता तिच्या भावाच्या हातात काही नाही. ती मला दोष देत नाही, आभारही मानत नाही. सकाळी ती स्टेशनवर आली की मी आधी तिचा चेहरा बघते, मग कामाला लागते.