कट्ट्यावरचं लाल तोंड

आमच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार थेट ग्लासात पडते. तिथं एक गृहस्थ मला रोज संध्याकाळी भेटतो. कोलेस्टेरॉल दोघांचंही वाढलेलं, दूध दोघांनाही बंद. तरी येतो आम्ही. कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळीनं त्याचे पाय भरून यायचे, म्हणून डॉक्टरांनी त्याला नायसिन नावाचं दुसरं औषध दिलं. ते घेतलं की त्याचं तोंड कानापर्यंत लालबुंद होतं.

"काय तेज हाय, पैलवान!" लोक म्हणतात.

"तेज कुठलं? अंगाची आग हुतीया की!" तो ओरडून सांगतो. कोण ऐकतंय! मला मात्र ती नेहमीची गोळी गुमान सोसते, आणि पैलवान म्हणून हाक कुणी मारत नाही.

फेसाळलेला ग्लास नाकाशी धरून तो डोळे मिटतो. रोज एवढं दूध पिऊनही हा ठणठणीत कसा, म्हणून मी धुमसायचो. काल मुद्दाम शेजारी उभा राहिलो. त्यानं ओठही न लावता ग्लास एका अनोळखी माणसापुढं केला.

"घ्या की पावणं. मला वासच बास हाय."

मी मिशीवरचा फेस पुसला. कालपर्यंत मी त्याच्या लाल तोंडावर जळत होतो; आता नुसत्या वासावर भागवण्याच्या त्याच्या ताकदीवर जळतो.